कृष्णधवल रोलवर तीन फिल्टर लावून रंगीत फोटो: निळी फ्रेम पातळ का येते?

गोदाकाठ:
इल्फर्ड एफपी४ प्लस या कृष्णधवल फिल्मवर लाल (क्रमांक २५), हिरवा (५८) आणि निळा (४७) फिल्टर आळीपाळीने लावून नाशिकच्या रामकुंडाचे फोटो काढतो आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात निळ्याची निगेटिव्ह फार पातळ (कमी प्रकाश मिळाल्यासारखी फिकट) येते, तिन्ही जोडल्यावर चित्र पिवळे पडते. मोजणी कॅमेऱ्याच्या मीटरने, फिल्टर लावूनच. आणि एक कुतूहल: १८६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने याच तीन फिल्टरच्या पद्धतीने एका फितीचा रंगीत फोटो दाखवला. तेव्हाच्या प्लेटला लाल रंग दिसत नव्हता, मग त्या फितीतला लाल उमटला कसा?

संथशटर:
फिल्टर लावून मोजू नका. मीटरचा सेल आणि फिल्म रंगांना सारखा प्रतिसाद देत नाहीत, गडद फिल्टरमागे तर आकडा हमखास चुकतो. फिल्टरशिवाय मोजा, मग तिन्हींना साधारण ३ स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश): एफ/८ ला १/५०० येत असेल तर १/६०. वाढ शटरनेच करा. अ‍ॅपर्चर बदलले की डेप्थ ऑफ फील्ड (किती खोलीपर्यंत चित्र स्पष्ट दिसते ते) बदलते आणि कडांना रंगीत झालर येते. कोवळ्या उन्हात निळा प्रकाश मुळातच कमी असतो, म्हणून निळ्याला आणखी १ स्टॉप द्या.

खरी कसोटी ग्रे कार्डची, म्हणजे ठरावीक करड्या रंगाच्या पुठ्ठ्याची. चाचणीच्या फ्रेममध्ये ते ठेवा, तिन्ही निगेटिव्हवर त्याची घनता सारखी आली पाहिजे. डेव्हलपर आयडी-११, १+१ (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी), २० अंशांना ११ मिनिटे. उन्हाळ्यात आपल्याकडे नळाचे पाणी त्याहून बरेच गरम असते, तेव्हा डेव्हलपरची बाटली आधी बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवा.

पंचवटीकर:
फितीचे फोटो थॉमस सटनने ओल्या कोलोडियन प्लेटवर काढले होते. त्या प्लेटला निळा आणि अतिनील प्रकाशच नीट कळे. पुढे १९६१ मध्ये कोडॅकच्या संशोधकांनी उलगडा केला: लाल फिल्टरच्या द्रावणातून अतिनील किरण निसटत होते आणि फितीचा लाल रंगही अतिनील परावर्तित करत होता. म्हणजे ती 'लाल' प्लेट अतिनीलची! प्लेटची नजर रुंदावली ती फोगेलने १८७३ मध्ये इमल्शनमध्ये (प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी थरात) रंगद्रव्य मिसळल्यावर. तुमचा पँक्रोमॅटिक (सगळे रंग टिपणारा) रोल त्याच वाटेने आला. लाल न दिसणारी ऑर्थो फिल्म मात्र या कामाला घेऊ नका, लाल फ्रेम कोरी येईल.

संथशटर:
स्कॅन करताना ऑटो एक्स्पोजर बंद ठेवा. नाहीतर स्कॅनर प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे उजळवतो आणि रंगांचा तोल बिघडतो. गंगेचे (म्हणजे आपल्या गोदावरीचे) वाहते पाणी, स्नान करणारी माणसे तिरंगी भुतांसारखी उमटणारच. ते नको असेल तर नारोशंकराच्या देवळासारखा स्थिर विषय घ्या. ट्रायपॉड आणि केबल रिलीज हवेच. तिन्ही फ्रेम एका मिनिटात उरका, सावली सरकली की तिच्या कडेला रंग दिसतो.