मदत हवी आहे : लघुकथेत नियती कशी दाखवतात?

नमस्कार मंडळी. निरनिराळ्या साहित्यप्रकारांतली नियती या विषयावर लेख लिहायला घेतलाय आणि लघुकथेपाशी अडलोय.

नाटकाचं त्या मानाने सोपं. बापाला मारशील ही भविष्यवाणी टळावी म्हणून सोफोक्लीसच्या ग्रीक नाटकातला ईडिपस कोरिंथ हे आपलं शहर सोडतो आणि त्याच वाटेवर नकळत खऱ्या बापाला मारतो. प्रेक्षकाला शेवट ठाऊक असतो. ताण एवढाच, की हे त्याला कधी कळणार. महाभारतातला कर्ण जास्त गुंतागुंतीचा. शाप आधीच मिळालेले आहेत, पण त्याचे स्वतःचे निर्णयही तितकेच नडतात. (मला तर निर्णयच जास्त नडलेले दिसतात.) कादंबरीत शापांची जागा योगायोग घेतो. इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीच्या 'टेस'मध्ये (१८९१) नायिकेने लग्नाआधी प्रियकराच्या दाराखालून सरकवलेलं कबुलीचं पत्र गालिच्याखाली जातं आणि वाचलंच जात नाही.

लघुकथेत एवढा पसारा मावत नाही. एकुलता योगायोग शेवटी आला, की लेखकाची चलाखी वाटते. तसं न वाटता नियती जाणवेल अशा मराठी कथा सुचवाल का? जी. ए. कुलकर्णी आहेतच डोळ्यांसमोर, त्यांच्यापलीकडच्या हव्यात. आणि भावकवितेत कथानकाशिवाय नियती उभी राहते का? उदाहरणासकट सांगितलंत तर फार बरं होईल.