मुलगा मेरिटाइम कॉलेजात जातोय, आतलं वातावरण नेमकं कसं असतं?

हापूसवाली (देवगड)

नमस्कार. माझ्या मुलाने यंदा आय.एम.यू.ची, म्हणजे इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची, प्रवेश परीक्षा (सी.ई.टी.) दिली आणि डी.एन.एस.ला, म्हणजे नॉटिकल सायन्सच्या एक वर्षाच्या डिप्लोमाला, त्याचा नंबर लागला. एका शिपिंग कंपनीचं स्पॉन्सरशिपचं पत्र आहे, मेडिकलही झालंय. पुढच्या शनिवारी कणकवलीहून गाडी आहे.

फी, कागदपत्रं सगळं विचारून झालं. आतलं मात्र कोणी धड सांगत नाही. घरी हा साडेसातला उठतो, तेही दोन हाका मारल्यावर. भाजी म्हणाल तर फक्त बटाटा. आणि कोणी ओरडलं तर उलट बोलत नाही, पण दोन-दोन दिवस गप्प होतो. मला खरी काळजी त्याचीच आहे. सीनियर त्रास देतात का? घरी फोन करू देतात का? माझे सासरे तांडेल होते, पण ते म्हणतात की होडीवरची शिस्त वेगळी आणि ही वेगळी. जे स्वतः राहून आलेत त्यांनीच लिहा, ऐकीव नको.

डेकवरचा (रत्नागिरी)

ताई, मी डी.एन.एस. केलंय. आता जहाजावर सेकंड ऑफिसर आहे, सध्या सुट्टीवर घरी. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही सांगायचंय.

उठण्याची काळजी सोडा. आमच्याकडे साडेपाचला शिट्टी व्हायची आणि दहा मिनिटांत मैदानावर फॉल-इन. एका खोलीत चौघे. एकाला उशीर झाला तर चौघांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या, त्यामुळे बाकीचे तिघे त्याला उठवल्याशिवाय राहणार नाहीत. पहिले दोन आठवडे पाय इतके दुखतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मग अशी भूक लागते की दुधीसुद्धा पानात उरत नाही.

मी कोकणातला, विहिरीत पोहायला शिकलेला. वाटलं होतं पाण्यातलं मला कोण काय शिकवणार. पहिल्याच दिवशी लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारायला सांगितली. मी विहिरीत मारतो तशी धाडकन मारली. पाण्यावर आपटताच जॅकेट वर उसळलं आणि त्याची कड हनुवटीला अशी लागली की जीभ चावली गेली. सरांनी बाहेर काढून परत वर उभं केलं. एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसरा हात त्यावरून नेऊन जॅकेट खाली घट्ट दाबून धरायचं, नजर समोर, पाय जुळवून एक पाऊल पुढे टाकायचं. खाली बघायचं नाही, बघितलं की शरीर पुढे झुकतं. त्या दिवशी मी अकरा वेळा उडी मारली. आजही जहाजावर ड्रिलचा भोंगा वाजला की माझा हात आपोआप जॅकेटवर जातो.

आता तुमच्या मुलाच्या गप्प राहण्याबद्दल. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मीही तसाच होतो.

वर्गात आर.ओ.आर. म्हणजे समुद्रावरच्या टकरी टाळायचे १९७२ चे नियम जवळजवळ तोंडपाठ करून घेतात. त्यातला पाचवा नियम लुकआउटचा: डोळ्यांनी, कानांनी, हाताशी असलेल्या प्रत्येक साधनाने सतत नजर ठेवायची. मला तो घडाघडा यायचा. एका रात्री आमच्या कॅप्टन सरांनी पाच-सहा जणांना वसतिगृहाच्या गच्चीवर नेलं आणि दूरचा दिसेल तो प्रत्येक दिवा मोठ्याने सांगायला लावलं. कुठल्या बाजूला, कुठल्या रंगाचा, हलतोय की स्थिर. मला एक लाल दिवा दिसला होता, पण तो मोबाइलच्या टॉवरचा असणार, उगाच हसतील, म्हणून मी बोललो नाही. सरांनी तो स्वतः दाखवला आणि शांतपणे विचारलं, "तुला दिसला होता का?" मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मग मला का नाही सांगितलंस? टॉवर आहे की जहाज, ते मी ठरवीन. तू फक्त सांग."

ते मला लागलं आणि कामाला आलं. रात्री बारा ते चार माझा वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, असते. सोबतच्या कॅडेटला, म्हणजे शिकाऊ मुलाला, मी पहिल्या रात्री हेच सांगतो. लाल दिवा म्हणजे समोरच्या जहाजाची डावी बाजू, हिरवा म्हणजे उजवी, त्यावरून कोण कुठे चाललंय ते कळतं. म्हणून तर डेकला, म्हणजे जहाज हाकण्याच्या कामाला, रंगांधळेपणा अजिबात चालत नाही. पण ज्याचे डोळे उत्तम आणि तोंड बंद, तो कॅडेट मला ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथे, नको.

सीनियरांचंही इथेच येतं. डी.एन.एस. एकच वर्षाचं, पण वर्षातून दोन बॅच घेणारी कॉलेजं आहेत, तिथे सीनियर म्हणजे सहा महिन्यांनी मोठी मुलं. सगळेच वाईट नसतात. पांढऱ्या युनिफॉर्मला इस्त्रीची धार कशी काढायची, बोलाईनची गाठ एका हाताने कशी मारायची, हे मला सीनियरांनीच शिकवलं. पण आमच्या वेळी काही जण रात्री दिवे गेल्यावर खोलीत येऊन तासतासभर ओणवं उभं करायचे. मी सहन केलं आणि घरी "बरा आहे" सांगितलं. शेवटी खोलीतला एक लातूरचा मुलगा उठून थेट वॉर्डनकडे गेला, नावं सांगितली, आणि त्यानंतर आमच्या मजल्यावर कोणी फिरकलं नाही. मी का गेलो नाही याचं मला आजही वाईट वाटतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे, यू.जी.सी.ची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ चोवीस तास चालते. हा नंबर त्याच्या वहीत तुमच्या हाताने लिहून द्या.

फोन आम्हाला रविवारी दुपारी मिळायचा. प्रत्येक कॉलेजचा नियम वेगळा. तुम्ही त्याला "बरा आहेस ना?" विचारू नका, उत्तर "हो" असंच येणार. "या आठवड्यात कोणाशी वाजलं? कोणी मदत केली?" असं विचारा.

कानस (बी.टेक. मरीन, तिसरं वर्ष)

मी इंजिनच्या बाजूची. आमच्या बॅचला मुली बोटांवर मोजण्याएवढ्या. आमच्या मॅडम आम्हाला सोनाली बॅनर्जींचं उदाहरण देतात. त्या १९९९ मध्ये कोलकात्याहून मरीन इंजिनिअर झाल्या, भारतातल्या पहिल्या.

डेकवरच्या दादांचं बोलण्याबद्दलचं अगदी पटलं. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये लोखंडाचा तुकडा कानशीने घासून चौरस करायला देतात. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा, उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की परत घासायचं. तळहाताला फोड येतात, फुटतात, मग कातडी जाड होते. ते मला आवडायचं. त्रास वेगळाच होता. बॉयलर सूट, म्हणजे कामाचे अंगभर कपडे, सगळे पुरुषांच्या मापाचे. बाह्या दुमडून काम करायचं, आणि लेथजवळ सैल बाही म्हणजे सरळ अपघात. शिवाय मुलींचं स्वच्छतागृह वर्कशॉपपासून दहा मिनिटांवर. दोन महिने आम्ही एकमेकींकडेच बोललो. मग सगळ्यांनी सही करून अर्ज दिला. सूट पंधरा दिवसांत मापाचे आले. स्वच्छतागृहाला वर्ष लागलं, तोवर दर महिन्याला आठवण करत राहिलो.

काकू, तो गप्प झाला तर त्याला लिहायला सांगा. ज्यांना बोलता येत नाही त्यांना अर्ज लिहिता येतो.

जुना इंजिनवाला

चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त झालो. वरच्या दोघांनी मनातलं लिहिलंय. मी फक्त कागदाचं बोलतो.

पूर्वी मुंबईत माझगावच्या पाण्यात 'डफरिन' हे प्रशिक्षण जहाज उभं असायचं, १९२७ पासून. मग १९७२ मध्ये 'राजेंद्र' आलं, आणि १९९३ पासून नेरुळला जमिनीवर 'चाणक्य'. तेव्हा जागा मोजक्याच होत्या. आता कॉलेजं बरीच झाली, आणि पास होऊनही जहाजासाठी थांबलेली मुलं मी पाहतो. माझा पुतण्या अकरा महिने घरी बसला. त्यात एका एजंटाने "जहाजावर चढवतो" म्हणून पैसे घेतले आणि फोन बंद केला.

तुमच्याकडे स्पॉन्सरशिपचं पत्र आहे हे उत्तम. तरी पत्र देणाऱ्या कंपनीचा आर.पी.एस.एल., म्हणजे जहाजावर माणसं भरती करायचा परवाना, डी.जी. शिपिंग या सरकारी नौवहन खात्याच्या वेबसाइटवर स्वतः तपासा, आजच. जहाजावर चढण्यासाठी कोणी रोख मागितली तर तिथेच थांबा. डी.एन.एस.नंतर अठरा महिने कॅडेट म्हणून समुद्रावर काढायचे, मग सेकंड मेट या नावाची अधिकारीपदाची परीक्षा, तेव्हा कुठे थर्ड ऑफिसर. हा हिशेब मुलाला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे मित्र पदवीधर होताना पाहून तो खचणार नाही.

हापूसवाली (देवगड)

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. काका, परवाना तपासला. कंपनीचं नाव यादीत आहे.

काल रात्री हे सगळं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. मुलगा ऐकत होता, काही बोलला नाही. सासऱ्यांनी विचारलं, बोलाईन म्हणजे कुठली गाठ? मला कुठे माहीत. मग मुलाने मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांनी वाळत घालायची दोरी काढली, स्वतःच्या कमरेभोवती घेतली आणि एका हाताने गाठ मारून दाखवली. म्हणाले, ही तर आपलीच, पाण्यात पडलेल्याला ओढायची. मग तासभर दोघं ओटीवर दोरी घेऊन बसले. झोपताना मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आई, मला तिकडे जायची थोडी भीती वाटते." त्याने असं काही स्वतःहून सांगायची ही पहिलीच वेळ.

एकच विचारायचं राहिलं. पांढरे कॅनव्हासचे बूट इथे मिळाले नाहीत. मुंबईत उतरल्यावर घ्यावेत का?

डेकवरचा (रत्नागिरी)

नको ताई. बूट बहुतेक कॉलेजच्या किटमध्येच येतात, आधी तिथे विचारा. सुती मोजे मात्र सहा-सात जोड द्या. पावसाळ्यात वाळत नाहीत.