बटन दाबायचं काम नाही भाऊ

'ऑपरेटर म्हणजे हिरवं बटन दाबून उभं राहणारा माणूस' असं वर एकाने लिहिलंय. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत एसएमटी लाइनवर (सर्किट बोर्डावर मशीनने बारीक पार्ट बसवतात ती लाइन) सहा वर्षं काढली, म्हणून राहवत नाही.

पार्ट मशीनच लावते, कबूल. पण पार्टांचं रीळ फीडरला, म्हणजे मशीनला पार्ट पुरवणाऱ्या भागाला, आपणच चढवतो. 0402 साइजचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह अडवणारा पार्ट) 1 मिमी लांब, अर्धा मिमी रुंद. बहुतेकांवर आकडाही छापलेला नसतो. एका नाइट शिफ्टला मी 1 किलोओमच्या जागी 10 किलोओमचं रीळ लावलं. बारकोड स्कॅन न करता, चहाच्या घाईत! कॅमेऱ्याच्या तपासणीत सगळे बोर्ड पास, कारण दिसायला दोन्ही सारखेच. सकाळी टेस्टिंगला पकडलं गेलं. मग चिमटा आणि सोल्डरिंग गन घेऊन बसलो दिवसभर. सुपरवायझर काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बोर्डावर पार्ट जोडणाऱ्या सोल्डर पेस्टचंही तसंच. फ्रिजमधून काढली की डबा बंद ठेवून काही तास खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा. आधीच झाकण उघडलं तर आत दव धरतं आणि पेस्ट वितळवणाऱ्या ओव्हनमध्ये सोल्डरचे बारीक गोळे उडतात.

आणि आपला नागपूरचा उन्हाळा! हवा कोरडी ठणठणीत, म्हणजे स्टॅटिकचा, अंगावर साचून पार्ट खराब करणाऱ्या विजेचा, त्रास जास्त. ती वीज जमिनीत सोडणारा मनगटाचा पट्टा शोभेचा नाही बाप्पा, रोज शिफ्टच्या आधी टेस्टरवर तपासून घ्यायचा.