'तानाम पाक्सा'ला मराठीत काय म्हणावं?

बोरूबाई
इंडोनेशियातल्या जावा बेटाच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत करतेय. डच सरकारनं १८३० पासून तिथं नियम लावला: गावानं जमिनीचा पाचवा हिस्सा सरकार सांगेल त्या पिकाला द्यायचा. ऊस, नीळ, कॉफी. डच नावाचा अर्थ नुसता 'लागवड पद्धत'. इंडोनेशियन माणूस मात्र 'तानाम पाक्सा' म्हणतो. तानाम म्हणजे लावणं, पाक्सा म्हणजे सक्ती. मी 'वेठलागवड' लिहिलं. संपादक म्हणतात, वेठ म्हणजे फुकटचं राबणं, इथं पिकाचे पैसे मिळत होते, तेव्हा 'लागवड पद्धत'च ठेवा. वर माझं 'वलंदेज' खोडून सगळीकडे 'डच' केलंय.

पाणंद
पैसे कोण ठरवत होतं, विचारा त्यांना. आमचे आजोबा 'वेठीला धरलं' म्हणत, तेव्हा दमडी मिळाली की नाही हा मुद्दाच नसे. 'येत नाही' म्हणायची सोय नसे, ती वेठ.

सरळमार्गी
'सक्तीची लागवड' म्हणा की सरळ. जोडशब्द पाडायची हौस कशाला?

जुनी मोडी
वलंदेज सोडू नका. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातल्या टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या यादीत फिरंगी, इंग्रज, फरासीस, डिंगमार (डेन्मार्कचे) यांच्या पंगतीला वलंदेज आहेत. अस्सल मराठी शब्द.

पाणंद
अस्सल कसला? आम्हाला गुरुजींनी सांगितलं होतं, समुद्र ओलांडून आले म्हणून ओलंदेज, त्याचं वलंदेज.

जुनी मोडी
मग इंग्रज काय घाट उतरून आले? पोर्तुगीज भाषेत हॉलंडच्या माणसाला जे म्हणतात, त्याचंच हे मराठी रूप.

जाकार्ताकर
इकडेही तेच. डचांना आजही 'बलांदा' म्हणतात, तोही पोर्तुगीजांकडूनच आलेला. पोर्तुगीजांनी १५११ मध्ये मलायातलं मलाक्का बंदर घेतलं. पुढे डचांनी ते जिंकलं, पण बंदरांतले शब्द राहिले. शर्ट म्हणजे 'कमेजा', लोणी 'मन्तेगा', आणि आपल्या मेजाचं 'मेजा'.

जुनी मोडी
आपलं मेज फारसी आहे हो.

जाकार्ताकर
असेल. माझी फजिती संस्कृतानं केली. श्रीखंडासाठी जायफळ हवं होतं. बाजारात बोटं एकमेकांवर घासून किसायची खूण केली. बाई हसून म्हणाली, "पाला?" म्हटलं, पालापाचोळा काय करू? तिनं डब्यातून जायफळ काढून तळहातावर ठेवलं. आपलं 'फल' तिकडे 'पाला' होऊन एकट्या जायफळाला चिकटलंय. आणि सत्कर्माचं फळ ते 'पहाला'. दोन्ही एकाच शब्दाची पोरं.

रानजाई
जायफळ मूळचं बांदाचं ना?

पाणंद
आमच्या सावंतवाडीजवळचं बांदा? 😀

जाकार्ताकर
बांदा बेटं, इंडोनेशियाच्या पूर्वेकडच्या मालुकूतली. त्या काळी जायफळ फक्त तिथंच पिकायचं. मक्ता हवा म्हणून १६२१ मध्ये कूननं, म्हणजे डच कंपनीच्या गव्हर्नर-जनरलनं, बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती मारली, पळवली, गुलाम केली. मग बागा राबवायला बाहेरून गुलाम आणले. संपादकांना म्हणावं, ह्याला 'मनुष्यबळ पद्धत' म्हणायचं का?

सरळमार्गी
कंपनीचं वेगळं, सरकारचं वेगळं. कंपनी १७९९ मध्येच बुडाली, बोरूबाईंचा विषय १८३० चा. आणि त्या वलंदेजाचं म्हणाल, तर मी वेंगुर्ल्याचा. १६३७ पासूनची त्यांची वखार आहे आमच्याकडे, आता नुसत्या भिंती आणि त्यांतून फुटलेली झाडं. रिक्षावाल्याला 'वलंदेजांची वखार' सांगून बघा. 'डच वखार' म्हटल्याशिवाय रिक्षा हलणार नाही.

जुनी मोडी
रिक्षावाल्यानं भाषा ठरवायची?

सरळमार्गी
मग कोणी, आज्ञापत्रानं?

बोरूबाई
अहो, माझी वेठलागवड राहिली. परवा लेख द्यायचाय.

रानजाई
जाकार्ताकर, तिकडे जायफळाच्या वरच्या गराचं काय करतात? आमच्याकडे लोणचं घालतात.

जाकार्ताकर
साखरेत घोळवून सुकवतात. पुढच्या वेळी आणतो.