आहाराचा गर्भधारणेवर कितपत परिणाम होतो?

प्रश्न (खानापूर):
मूल व्हावे म्हणून सासूबाई मला डिंकाचे लाडू, खारीक आणि दूध नेमाने देतात. यजमानांच्या जेवणाकडे आणि तंबाखूकडे मात्र घरात कोणीच पाहत नाही. आहाराने खरोखर फरक पडतो का, आणि पथ्य केवळ स्त्रीनेच पाळायचे असते का?

उत्तर (निपाणी):
पथ्य केवळ स्त्रीनेच पाळायचे, असे मुळीच नाही. आमच्या भागात अनेक घरे तंबाखूवरच चालली, हे खरे. तरीही तंबाखूमुळे शुक्राणूंची संख्या आणि हालचाल दोन्ही घटू शकतात. शुक्राणू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने यजमानांनी आज व्यसन सोडले, तरी त्याचा गुण दिसण्यास तेवढा काळ जावाच लागेल.

उत्तर (चिकोडी, आहारतज्ज्ञ):
लाडू वाईट नाहीत, परंतु वजन आधीच जास्त असून पाळी अनियमित असेल, तर तूप-गुळापेक्षा ज्वारीची भाकरी, मोड आलेली कडधान्ये आणि पालेभाज्या यांचा अधिक उपयोग होईल. पीसीओएस (संप्रेरकांच्या असंतुलनाने पाळी अनियमित होण्याचा विकार) असलेल्या अनेक स्त्रियांमध्ये ५ ते १० टक्के वजन घटले तरी स्त्रीबीज बाहेर पडणे पुन्हा सुरू होऊ शकते. वजन फार कमी असणेही तितकेच अडचणीचे ठरते. रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे, कारण बाळाच्या मज्जारज्जूची मूळ घडण गर्भ राहिल्यापासून पहिल्या चार आठवड्यांतच होते.

उत्तर (बेळगाव):
बंद गर्भनलिका कोणत्याही आहाराने उघडत नाही. वर्षभर, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिने, प्रयत्न करूनही यश आले नसेल, तर दोघांनीही तपासणी करून घ्यावी. त्यांतली वीर्यतपासणी सर्वांत सोपी असते.