शेवट ठरल्याशिवाय पहिलं वेबकॉमिक सुरू करूच नये. पटतंय का?

घरकुलवाली
सोलापूरची गड्ड्याची यात्रा फिरून आले आणि त्याच रात्री माझ्या पहिल्या वेबकॉमिकचा पहिला भाग टाकला. नाव 'भोंगा'. मिल बंद होऊन कितीतरी वर्षं झालीत, तरी एका म्हाताऱ्या कामगाराला रोज पहाटे भोंगा ऐकू येतो. एके दिवशी तो त्याच्या नातीलाही ऐकू येतो, अशी गोष्ट. अकरा भाग झाले. वाचक विचारू लागले, भोंगा वाजवतं कोण? मला ठाऊक नव्हतं. पुढं सुचेल म्हणून सुरुवात केली होती. जूनपासून सगळं ठप्प आहे.

मागं जाऊन सगळे भाग वाचले तर अंगावर काटा आला. तिसऱ्या भागात आजोबांच्या डाव्या हाताची दोन बोटं मागात गेलेली दाखवलीत, आणि सातव्यात त्याच हातानं, पाची बोटांनी, ते चहाचा कप धरून बसलेत. चौथ्यात म्हणतात, "मी सोलापूर सोडून कुठं गेलो नाही." नवव्यात मला ते १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरणगावात हवे होते! वहीत असतं तर खोडलं असतं. इथं लोकांनी वाचलंय, चौथ्या भागाखाली त्या वाक्यावर आपापल्या आजोबांच्या आठवणी लिहिल्यात.

म्हणून माझं ठाम मत: पहिलंच काम असेल तर शेवटची चौकट डोळ्यांसमोर आल्याशिवाय पहिला भाग टाकू नये.

सातरस्ता
अक्का, मला हे अजिबात पटत नाही. तुमच्याकडे अकरा भाग आहेत. माझ्याकडे तीन वह्या आहेत.

मला १९३० चं सोलापूर काढायचं होतं. मे महिन्यातला उठाव, मग मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल, आणि शेवट १२ जानेवारी १९३१ ला, येरवड्यात चार हुतात्म्यांच्या फाशीनं. शेवट तर इतिहासानंच ठरवून दिला होता. दोन वर्षं आखणी केली. सहा घराण्यांच्या वंशावळी, कोण कुठल्या पेठेत राहतं, कोण मिलच्या कुठल्या खात्यात कामाला. चौकट एकही नाही. रोज वाटायचं, अजून थोडं वाचून घेऊ, चुकलं तर लोक काय म्हणतील. तेवढ्यात काढायची ओढच आटली. सगळं आधीच कळल्यावर हात कशाला हलेल?

आणि बोटांची चूक शेवट ठरवून टळली नसती. त्याला एक कागद पुरे: पात्र समोरून, बाजूनं, दोन्ही हात, अंगावरच्या खुणा. तो भिंतीला चिकटवायचा आणि काढायला बसायचं.

जकार्डमास्तर
मी चादरीच्या नक्षीत आयुष्य काढलंय, कॉमिकमधलं मला कळत नाही. पण आखणीवर बोलतो.

जकार्डवर, म्हणजे भोकांच्या कार्डांवर चालणाऱ्या मागावर, नक्षी आधी चौकटीच्या कागदावर उतरते. एकेक घर भरायचं. त्या कागदावरून कार्डांना भोकं पाडायची. भोक असेल तिथला ताण्याचा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. एक भोक चुकलं तर ती चूक नक्षीच्या प्रत्येक फेऱ्यात परत येते, मोराची चोच दर वेळी तुटते. कापड उसवून ती सुधारत नाही, कार्डच बदलावं लागतं. म्हणून ताईंचं बरोबर आहे, आधी कागद.

पण सातरस्ता, नवीन पोराच्या हातात आम्ही पहिल्या दिवशी डबल चादर देत नव्हतो. नॅपकिन द्यायचो. नक्षी तीच, काठ तोच, फक्त माप लहान. तुम्ही पहिल्याच कामाला सहा घराणी घेतलीत. मार्शल लॉमध्ये गांधी टोपी घालणंसुद्धा धोक्याचं होतं. एक पोरगा, एक टोपी, एक संध्याकाळ. एवढं आधी विणा.

होटगीरोड
मास्तर, नॅपकिनचं एकदम मान्य. पण कापड आणि गोष्ट एक नाही. कापडातला धागा मध्येच म्हणत नाही, मी इकडं जात नाही म्हणून. पात्रं म्हणतात.

आणि सातरस्ता, शेवट कळला की ओढ संपते हे तर मला मुळीच पटत नाही. कीर्तनात आख्यानाचा शेवट बुवांना ठाऊक असतो, समोर बसलेल्या आजीलाही ठाऊक असतो. म्हणून उत्तररंगातून कुणी उठून जातं का? तुमची ओढ शेवटानं संपवली नाही, भीतीनं संपवली. इतिहास चुकेल ही भीती खरी आहे, तिचा मान राखा. पण तिला आखणी म्हणू नका.

बाळीवेस
मला वाटतं तुम्ही सगळे आखणी म्हणजे *लिहिणं* धरून चाललाय. माझी पहिली गोष्ट तिथंच अडकली होती. वहीत लिहिलं, "आजीला जुने दिवस आठवतात." वाचायला छान वाटलं. पेनटॅब (कॉम्प्युटरवर चित्र काढायची पाटी) घेऊन बसले तर काढायचं काय? आजीचा चेहरा? मग पुढं? त्या एका ओळीत एकही चित्र नव्हतं.

जपानमध्ये मांगावाले, म्हणजे तिथली कॉमिक काढणारे, पक्कं पान काढायच्या आधी कच्च्या चौकटी आणि संवादांचे फुगे भरलेला आराखडा करतात, त्याला 'नेम' म्हणतात. संपादक तो बघतो आणि तिथंच दुरुस्त्या होतात. काडीची माणसं चालतात, पण कोण कुठं उभं आहे आणि फुग्यात किती शब्द मावतात हे तिथंच कळतं.

आमचं किराणा दुकान आहे. मी बिलाच्या मशीनचा कोरा रोल घेते आणि त्यावर पेन्सिलनं वरून खाली काढत जाते. मोबाइलवर गोष्ट अशीच उलगडते, पान उलटायचं नसतं, अंगठ्यानं वर सरकवायचं असतं. दोन चौकटींमध्ये कोरी जागा जास्त सोडली की वेळ लांबतो. अक्का, तुमचा भोंगा वाजायच्या आधी वीतभर नुसता काळोख हवा. वाचकाचा अंगठा सरकत राहील आणि काहीच दिसणार नाही. हे 'भोंगा वाजतो' असं लिहून कधी सुचणार? रोल हातात धरून खाली ओढला की कळतं. माझा एक भाग साधारण दीड हात होतो. जिथं मलाच कंटाळा येतो तिथं कात्री लावते.

सातरस्ता
हे मात्र पटलं. ही आखणी आहे आणि काढणंही आहे.

घरकुलवाली
चार दिवसांनी लिहितेय. बाळीवेस, रोल आणला. अकराही भाग काडीच्या माणसांत परत उतरवले, नवीन काही घातलं नाही. दुसऱ्या भागात आले आणि हात थांबला. भोंगा वाजतो त्या चौकटीत आजोबा दचकून उठतात, आणि मागं कोपऱ्यात आजी चुलीपाशी *आधीपासून* जागी आहे. भाकरी थापून झालेली, डबा बांधून झालेला. मी ती जागा भरायला म्हणून काढली होती. पाचव्यात तसंच. आठव्यातही. सगळ्या घरात आजीच एकटी आहे जी भोंग्याची वाट बघत नाही, कारण तो वाजायच्या आत तिचं निम्मं काम झालेलं असतं. आजोबांची मिल बंद झाली, तिचा भोंगा कधी बंदच झाला नाही. शेवटची चौकट आता दिसतेय मला.

सातरस्ता
बघा अक्का! हे तुम्हाला वहीत सापडलं नसतं. हात चालत होता म्हणून आजी तिथं आली.

घरकुलवाली
आली हात चालत होता म्हणून, खरंय. पण सापडली थांबून मागं बघितलं म्हणून. अकरा भाग लोकांसमोर टाकायच्या आधीच रोलवर थांबले असते तर वाचकांना इतके महिने ताटकळत ठेवलं नसतं. माझं मत एवढंच बदललं: शेवट *लिहून* ठरवायची गरज नाही, रोलवर शोधला तरी चालेल. पण टाकायच्या आधी.

सातरस्ता
मी अजूनही म्हणेन की वाचक विचारत होते म्हणूनच तुम्ही शोधलंत. असो. टोपीची गोष्ट घेतली आहे, मास्तर. अकरा चौकटी, पोराला नावही दिलेलं नाही. बाळीवेस, रोल किती रुंदीचा घेता?

बाळीवेस
लहान मशीनचा. अरुंदच बरा, चौकटीत गर्दी करता येत नाही.

जकार्डमास्तर
ताई, तुमच्या सातव्या भागातली बोटं तेवढी दुरुस्त करा. मागात बोट गेलेला माणूस कप तसा धरत नाही. अंगठा आणि तळवा, असा धरतो. कधी आलात तर माझा हात बघून काढा.