न्हाणीच्या नळाला करंट, घर जुनं, अर्थिंग नाही. आधी काय करू?

शहापूरची सून

नमस्कार. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, आजेसासऱ्यांच्या वेळचं. मातीच्या भिंती, वर कौलं, माजघरावर माळा. वायरिंग अजून लाकडी पट्टीवरचंच, मध्येमध्ये नंतर कुणी जोडलेली ॲल्युमिनियमची वायर. मीटरशेजारी लोखंडी मेन स्विच, त्यात चिनी मातीचे दोन फ्यूज. प्लग बहुतेक दोन भोकांचे. गीझर बसवला तेव्हा त्याची हिरवी वायर नळाच्या लोखंडी पाइपला गुंडाळून दिली होती, ती तशीच आहे.

पाऊस लागल्यापासून न्हाणीतल्या नळाला ओला हात लावला की सासूबाईंना झिणझिण्या येतात. गीझरचा प्लग काढला की थांबतात. वॉशिंग मशीनच्या पत्र्यालाही तसंच, पण बारीक. एक वायरमन येऊन बघून गेले. म्हणाले, "वैनी, अर्थिंगचा खड्डा कशाला मारताय, प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून देतो, पाच मिनिटांचं काम." दुसरे म्हणाले, सगळं वायरिंग काढा, भिंती फोडाव्या लागतील. घर सामाईक आहे आणि मातीच्या भिंतींना हात लावायला दीर तयार नाहीत.

न्यूट्रल जोडून घेतलं तर चालेल का? आणि घरात फ्यूज असताना करंट लागतोच कसा, फ्यूज उडायला नको का? पहाटे सगळ्यांच्या आधी सासूबाईच न्हाणीत जातात. मला चैन पडेना.

खानापूरचा वायरमन (रिटायर)

ताई, गीझरचा प्लग काढूनच ठेवा. नुसत्या स्विचवर विसंबू नका. जुन्या बोर्डात स्विच फेजवर (करंट आणणाऱ्या वायरवर) आहे की न्यूट्रलवर (परतीच्या वायरवर) याचा भरवसा नसतो. न्यूट्रलवर असला तर स्विच बंद करूनही एलिमेंटपर्यंत, म्हणजे पाणी तापवणाऱ्या कॉइलपर्यंत, फेज पोचलेला असतो. दुरुस्ती होईपर्यंत पाणी चुलीवर किंवा गॅसवर तापवा.

तुमच्याकडे बहुधा एलिमेंटची बाहेरची नळी चिरली आहे किंवा गंजली आहे. करंट पाण्यात, टाकीत आणि तिथून पाइपवर येतो. पूर्वी लोखंडी पाइप सलग जमिनीतून जायचा, म्हणून ते कसंबसं निभायचं. आता रस्त्यावरची जोडणी बदलली, मध्ये प्लास्टिकचा पाइप आला. तुमच्या न्हाणीतलं लोखंड जमिनीपासून तुटलं आणि ओल्या फरशीवर उभा असलेला माणूसच करंटची वाट झाला. नळाच्या पाइपवर अर्थिंग कधीच सोडायचं नाही.

न्यूट्रल जोडायचा उपाय जीव घेणारा आहे, हे मी स्पष्ट सांगतो. तुमच्या मेन स्विचमध्ये दोन फ्यूज आहेत म्हणजे एक न्यूट्रलवर आहे. उद्या तोच उडाला, किंवा मीटरचा स्क्रू ढिला झाला, की घरातले दिवे विझतील आणि तुम्हाला वाटेल लाईट गेली. पण स्विच चालू राहिलेल्या एखाद्या बल्बमधून फेज न्यूट्रलच्या वायरवर येतो. न्यूट्रल आणि अर्थ जोडलेले असले तर तोच फेज गीझरच्या टाकीवर, मशीनच्या पत्र्यावर, जिथे जिथे अशी जोडणी केली तिथे उभा राहतो. अंधारात सासूबाई न्हाणीतून बाहेर यायला नळाचा नाहीतर मशीनचा आधार घेतील, तेव्हा काय होईल याचा विचार करा. केईबीच्या, म्हणजे कर्नाटकच्या जुन्या वीज मंडळाच्या काळापासून पोलवर चढलोय. तुटलेला न्यूट्रल पावसाळ्यात हमखास बघायला मिळतो.

आता फ्यूजचं. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. समजा अर्थिंग आहे, पण त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, २० ओहम आहे. २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. १६ अँपिअरचा फ्यूज किंवा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारा, आपोआप पडणारा स्विच) एवढ्याला हलत नाही आणि पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज उभं राहतं. घरातला सी टाइपचा १६ चा एमसीबी ताबडतोब पडायला किमान ८० अँपिअर लागतात, म्हणजे अर्थिंग ३ ओहमच्या आत हवं. आमच्याकडे जांभ्याच्या जमिनीत मे महिन्यात ते मिळणं फार अवघड.

म्हणून आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलने परत आला की नाही एवढंच तो बघतो. घराला ३० मिलिअँपिअरचा घ्या. तेवढा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत लाईन तोडतो. अर्थिंग १०० ओहमचं असलं तरी ३० मिलिअँपिअरला पत्र्यावर ३ व्होल्टच येतात. पण अर्थिंग नसेल तर तो माणसाला शॉक बसल्यावरच पडणार. तेव्हा दोन्ही हवंच.

मशीनचं वेगळं असू शकतं. त्यात एक फिल्टर असतो, अर्थ नसला की पत्र्यावर त्याच्यामुळेही बारीक झिणझिणी येते. अर्थ मिळाल्यावर जायला हवी. तरीही राहिली तर मशीन तपासून घ्या.

वडगाव पॉवरलूम

आमच्या शेडात आरसीसीबी बसवल्यावर पावसात रोज पडायचा. वायरमन म्हणाला पीस खराब आहे, काढून टाकू. काढू दिला नाही. एकेक सर्किट सोडून बघत गेलो तेव्हा कौलातून गळणाऱ्या पाण्याखाली पट्टीतला जोड भिजलेला सापडला. तुमच्याकडे पडला तर आधी हे बघा.

निपाणीकर

अर्थिंग बघायला सोपी युक्ती आहे की. १०० वॅटचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावायचा. झकास पेटला म्हणजे अर्थिंग झकास.

खानापूरचा वायरमन (रिटायर)

निपाणीकर, ही युक्ती सगळेच वापरतात, पण तिच्यावर निर्णय घेऊ नका. १०० वॅटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा ओढत नाही. अर्थिंग ५० ओहमचं असलं तरी त्यात जेमतेम २० व्होल्ट पडतात, बल्ब लख्ख दिसतो. पेटलाच नाही तर अर्थ मेलेला आहे, एवढंच त्यातून कळतं. आणि तेव्हा बल्बमधून फेज त्या अर्थच्या वायरीवर गेलेला असतो, कुणी पत्र्याला हात लावून उभा असला तर त्याला बसतो. अर्थ टेस्टरने मोजणाराच बोलवा.

शहापूरची सून

काका, तुमचं वाचून गीझर बंदच ठेवला. काल एक लायसन्सवाले कॉन्ट्रॅक्टर येऊन गेले. त्यांनी मेन बंद करून न्हाणीबाहेरचा बोर्ड उघडला. वायरीवरचं सुती वेष्टण काळं पडलेलं, आतलं रबर बोटाने दाबलं तर भुगा होऊन खाली पडलं. तांब्याची तार उघडी, मागे लाकडाचा गुटका आणि त्याला चिकटलेली ओली माती. दीर शेजारीच उभे होते. ते बघितल्यावर त्यांनी खर्चाला हो म्हटलं, पण भिंती फोडायच्या नाहीत यावर ते ठाम आहेत. परड्यात विहिरीच्या बाजूला अर्थिंगला जागा आहे.

खानापूरचा वायरमन (रिटायर)

भिंत फोडू नकाच. मातीच्या भिंतीत खाचा पाडून वायर पुरली तर ओल तिथेच धरते. वरून पीव्हीसीची पट्टी मारा, लाकडी पट्टी होती त्याच रेषेत. दिसायलाही वाईट दिसत नाही आणि पुढे उघडता येते.

सगळं एकदम जमत नसेल तर अर्थिंग, आरसीसीबी, न्हाणी आणि स्वयंपाकघर आधी करा. झोपायच्या खोल्या नंतर. परड्यात भिंतीपासून दीड मीटर लांब, ४० एमएमचा जीआय पाइप, अडीच मीटर खोल, भोवती कोळसा आणि मीठ. उन्हाळ्यात त्यात पाणी घालत जा, आणि रीडिंग पावसात घेतलं तरी पुन्हा मे महिन्यात घ्या. पावसाचा आकडा फसवतो. अर्थची वायर खड्ड्यापासून बोर्डापर्यंत सलग, मध्ये जोड नको.

गीझर २००० वॅटचा असेल तर ९ अँपिअर ओढतो. अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर चालते, मी चारची घालतो. जुन्या ॲल्युमिनियमला नवीन तांबं पिळून जोडू देऊ नका, तो जोड तापतो. न्यूट्रलवरचा फ्यूज काढून डबल पोल, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम तोडणारा, एमसीबी घाला. आरसीसीबीच्या पुढे, घराच्या बाजूला, न्यूट्रल कुठेही अर्थला लागता कामा नये. लागला तर आरसीसीबी पडत राहील आणि दोष त्यालाच देतील. राहिलेल्या जुन्या लाईन ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरीचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासून घ्या, १ मेगओहमच्या खाली दाखवेल ती जोडू नका. गीझरचा एलिमेंट बदलल्याशिवाय प्लग लावायचा नाही.

मीटरच्या सीलला कुणाला हात लावू देऊ नका. सप्लाय बंद हवा असेल तर हेस्कॉमच्या (आपल्या वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसला अर्ज द्या. काम झाल्यावर आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण कसं दाबायचं ते सासूबाईंनाही दाखवून ठेवा, महिन्यातून एकदा दाबलं पाहिजे.